वाचक अंगठा हलवतो त्याआधी: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण जमतात. एक शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कॉलेजातली दोन-तीन मुलं, एक द्राक्षबागाईतदार. सगळ्यांना लिहायचं असतं आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: "हल्ली वाचतं कोण? लोकांना वेळच नाही." मला हे पटत नाही. याच लोकांच्या घरी रात्री बारापर्यंत मोबाइलवर वाचन चालू असतं. पाककृती, भांडणं, कुणाच्या तरी आजारपणाची लांबलचक हकीकत, सगळं वाचलं जातं. वाचक आहे. फक्त पुढे काही मिळेल अशी खात्री वाटेनाशी झाली की तो निघून जातो, आणि निघून जायला त्याला अंगठा हलवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. मासिक विकत घेतलेलं असायचं तेव्हा पैसे वसूल करायला म्हणून तरी माणूस दोन कंटाळवाणी पानं ओलांडायचा. ती सवलत आता आपल्याला नाही.

मागच्या पावसाळ्यात गटातल्या एका मुलीने गावच्या मुक्कामी एसटीवर लेख लिहिला. रात्रीची शेवटची फेरी म्हणून गावात येणारी, ड्रायव्हर-कंडक्टरसकट गावातच थांबणारी आणि पहाटे परत तालुक्याला निघणारी ती मुक्कामी गाडी. पहिला खर्डा आम्हाला दुसऱ्या परिच्छेदापलीकडे ऐकवेना. चौथा खर्डा तिने वाचला तेव्हा बँकेतले काका चहा घ्यायचे विसरले. मधल्या तीन आठवड्यांत काय काय केलं, ते तिच्याच परवानगीने, त्याच क्रमाने सांगते.

आधी माणूस ठरवा

"हा लेख कुणासाठी?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांसाठी." सगळ्यांसाठी लिहिलेल्या लेखात सगळं समजावून सांगावं लागतं, आणि ज्याला आधीच माहीत आहे तो कंटाळतो. म्हणून मी तिला एका माणसाचं नाव कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला सांगितलं. तिने ठाण्यात वाढलेल्या मावसबहिणीचं नाव लिहिलं. ही बहीण मे महिन्यात गावाला यायची. तिला फाटा म्हणजे काय ते माहीत आहे, पारावरच्या गप्पा माहीत आहेत. पण पहाटे साडेपाचला गाडीत कोण कोण चढायचं हे तिने झोपेमुळे कधीच पाहिलेलं नाही.

एवढ्याने कितीतरी प्रश्न सुटले. काय समजावायचं, काय गृहीत धरायचं, कुठल्या सुरात बोलायचं, हे त्या एका नावाने ठरवलं. लेख छापून आल्यावर तो शेकडो लोक वाचतील, पण त्यातला प्रत्येक जण एकटाच वाचणार आहे.

लिहायला बसण्याआधी गोळा करा

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. तो थेट लिहायला बसतो. मनात भावना भरपूर आणि हातात वस्तू एकही नाही, मग "रम्य आठवणी", "ते सोनेरी दिवस", "माणुसकीचा ओलावा" असे शब्द आपोआप येतात. ते वाईट शब्द आहेत असं मी म्हणणार नाही, पण ते कुठल्याही लेखात बसतात, आणि वाचकाला हे लगेच कळतं.

तिच्या गावात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. ती त्यांच्याकडे गेली आणि विचारलं, "तेव्हाचे दिवस कसे होते?" ते म्हणाले, "लई चांगले होते." झालं, मुलाखत संपली. दुसऱ्या वेळी आम्ही प्रश्न बदलून पाठवले. रात्रीचं जेवण कुणाकडे असायचं? उन्हाळ्यात कुठे झोपायचात? जमलेले पैसे रात्री कुठे ठेवायचात? पहाटे सगळ्यात आधी कोण चढायचं? ओढ्याला पाणी आलं की गाडी कुठे उभी करायचात?

या वेळी ती दोन तास बसून आली. उन्हाळ्यात ते टपावर झोपायचे, कारण खाली डास. कॅशची बॅग उशाला, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, कंदिलाच्या उजेडात भरायचं आणि हिशोबात आठ आणे कमी पडले तर झोप लागायची नाही. जेवण आळीपाळीने, पण शिमग्याच्या दिवशी चार घरची ताटं यायची. पहाटेच्या गाडीत सगळ्यात आधी माणूस चढायचाच नाही, डबे चढायचे. तालुक्याला बोर्डिंगात राहून शिकणाऱ्या मुलांचे डबे. भांड्यांवर घालतात तशी त्यांवर नावं घातलेली असायची, तरी कंडक्टर झाकण न वाचता, नुसत्या पोचा बघून कुठला डबा कुणाचा ते सांगायचे. रात्रीच्या गाडीने तेच डबे रिकामे परत यायचे.

कंडक्टरांनी हे आधी का नाही सांगितलं? कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. माणसाला "काय वाटायचं" हे विचारलं की तो ठरावीक उत्तर देतो. "कुठे", "कशाने", "किती वाजता" असं विचारलं की त्याला दिसायला लागतं, आणि त्याला दिसलं की आपल्यालाही दिसतं.

जमवलेली माहिती तपासायचीही असते. तिच्या पहिल्या खर्ड्यात एसटी "१९५०च्या सुमारास" सुरू झाली होती. खरी तारीख १ जून १९४८. पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली, ज्या शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे. महिलांना अर्धं तिकीट कधीपासून, तर मार्च २०२३पासून. असे तपशील दोन मिनिटांत तपासता येतात, आणि त्यातला एखादा चुकला तर ज्या वाचकाला तो ठाऊक आहे तो तुमच्या डब्यांच्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही. व्हॉट्सअॅपवर पु. ल. किंवा व. पु. यांच्या नावाने फिरणारी वाक्यं तर, ती त्यांच्या पुस्तकात स्वतः पाहिल्याशिवाय, वापरूच नका.

पहिली चार वाक्यं

पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती: "ग्रामीण भागाच्या सर्वांगीण विकासामध्ये एसटीचा वाटा अत्यंत मोलाचा आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. गावोगावी धावणारी एसटी ही ग्रामीण जनतेची जीवनवाहिनी म्हणून ओळखली जाते."

यात खोटं काहीच नाही. पण वाचकाला हे आधीपासून माहीत आहे, आणि हे वाचताना त्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. शाळेत निबंधाची प्रस्तावना अशी करायला आपल्याला शिकवलं, मार्कही मिळाले. तिथे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत वाचणं भागच होतं, कारण त्याला पेपर तपासायचा होता.

चौथ्या खर्ड्याची सुरुवात: "रात्री साडेनऊला शाळेपुढच्या वडाखाली दोन दिवे वळले की आमच्या आळीतली चार दारं एकदम उघडायची. चौघींच्या हातात कंदील आणि चौघींना एकच बघायचं असायचं: डबा रिकामा आलाय का?"

यात वेळ आहे, जागा आहे, माणसं आहेत, आणि एक न सुटलेला प्रश्न आहे. डबा रिकामा आला तर काय आणि भरलेला आला तर काय? मुलगा आजारी आहे का? रुसलाय का? वाचक पुढे जातो तो या प्रश्नासाठी. इथे एक सावधगिरी सांगते. सुरुवातीला प्रश्न उभा केला तर लेखात कुठेतरी त्याचं उत्तर द्यावंच लागतं. हल्ली पहिल्या ओळीत उत्सुकता ताणून नंतर काहीच हाती न देणारं लेखन इतकं झालं आहे, की वाचक आधीपासून संशयानेच बघतो. तिच्या लेखात मधोमध एक डबा भरलेला परत येतो आणि पुढे काय झालं ते ती सांगते.

सुरुवात प्रसंगानेच करावी असा काही नियम नाही. एखादा आकडा, कुणाचं बोलणं, सरळ विचारलेला प्रश्न, काहीही चालतं. पाहायचं एवढंच, की ही वाक्यं दुसऱ्या कुठल्या लेखाच्या डोक्यावर बसवता येतात का. येत असतील तर ती काढा. बहुतेक वेळा तुमची खरी सुरुवात तिसऱ्या किंवा चौथ्या परिच्छेदात दडलेली सापडेल. तिला उचलून वर आणा.

क्रियापद शेवटी येतं, हे विसरू नका

आता ज्या गोष्टीवर मी गटात सगळ्यात जास्त वेळ घालवते तिच्याकडे येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. म्हणजे काय घडलं हे वाचकाला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. वाक्य छोटं असेल तर याचा त्रास नाही, उलट शेवटचा शब्द ठसठशीत पडतो. पण वाक्य लांबलं की वाचक सगळं ओझं डोक्यावर घेऊन क्रियापदाची वाट बघत उभा राहतो.

तिचं हे वाक्य घ्या: "गावाच्या विकासात मोलाचा वाटा असणाऱ्या, अनेक विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्या आणि रुग्णांना वेळेवर दवाखान्यात पोहोचवणाऱ्या या मुक्कामी गाडीच्या फेऱ्या गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या."

खरी बातमी शेवटच्या तीन शब्दांत आहे. ती पुढे आणली आणि बाकीचं सुटं केलं: "मुक्कामी गाडी बंद झाली. आधी रविवारची, मग सुट्टीतली, मग रोजचीच. याच गाडीने आमच्या आळीतली सहा पोरं दहावी झाली. साप चावलेल्या बाईला न्यायला ड्रायव्हरने रात्री बाराला याच गाडीला किल्ली मारली होती." शब्द थोडे वाढले, पण वाचायला लागणारी ताकद निम्मी झाली. "विकासात मोलाचा वाटा" हे शब्द कुठे गेले? ते दहावी झालेल्या सहा पोरांत आणि त्या बाईत गेले.

दुसरी अडचण याच्या उलट बाजूची. छोटी वाक्यं लिहा म्हटलं की नवी माणसं असं लिहितात: "गाडी जुनी होती. तिचा रंग लाल होता. सीट फाटलेल्या होत्या. खिडक्यांना काचा नव्हत्या." होती, होता, होत्या, नव्हत्या. दार आपटत राहावं तसं प्रत्येक वाक्य त्याच शब्दावर आपटतं. यातून सुटायच्या वाटा मराठीतच आहेत. क्रियापद गाळता येतं: "गाडी जुनी, सीटा फाटलेल्या." वर्णनाची कृती करता येते: "काच नसलेल्या खिडकीतून पाऊस थेट मांडीवर यायचा." धातुसाधितांनी दोन कृती गुंफता येतात: "पोतं पायाशी ढकलत, शेजारच्याला सरकवत आजी बसायची." कधी क्रियापद पुढे घेता येतं, बोलताना घेतो तसं: "आली गाडी!" तुमच्या एका परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाला पेन्सिलीने गोल करा आणि ते गोल ओळीने वाचा. लगेच कळेल.

"करण्यात आले" हा प्रयोग सरकारी पत्रातून आपल्या अंगवळणी पडला आहे. तो दिसला की स्वतःला विचारा: कुणी केलं? फेऱ्या बंद करण्यात आल्या, कुणी केल्या? आगाराने. का? वडापच्या खासगी जीपांमुळे दिवसाचे प्रवासी कमी झाले आणि नुसत्या पहाटेच्या फेरीवर गाडी परवडेना. या प्रश्नाचं उत्तर शोधायला तिला पुन्हा एकदा गावात फिरावं लागलं, आणि त्यातूनच तिला जीपवाल्याची बाजूही मिळाली. तोही त्याच आळीतला मुलगा, याच गाडीने शाळेत गेलेला. "करण्यात आल्या" तसंच ठेवलं असतं तर हा माणूस लेखात आलाच नसता.

भाषांतराची मराठीही वाचकाला दूर लोटते, आणि ती आता सगळीकडे आहे. "ही एक अशी गाडी होती जी रात्री गावात थांबायची" असं कुठलीही आजी म्हणणार नाही. ती "ही गाडी रात्री गावातच थांबायची" म्हणेल. "कंडक्टरने सांगितले की तो थांबू शकत नाही" याऐवजी "'थांबता येणार नाही,' कंडक्टर म्हणाला." आपण बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवून शेवटी "म्हणाला" लावतो, आणि त्यामुळे त्याचा आवाज ऐकू येतो. ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे, ती सोडू नका. "च्या माध्यमातून" बहुतेक वेळा नुसत्या "ने"वर भागतं. हिंदीतून आलेला "खुलासा"ही जपून वापरा. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. गुपित उघड झालं असेल तर "उघडकीला आलं" म्हणा.

शब्द कुठून घ्यायचे

तिने आधी सगळीकडे "चालक" आणि "वाहक" लिहिलं होतं, "बसस्थानक" लिहिलं होतं. गाडीत लिहिलेलं असतं तसं. पण गाडीतून हाक मारताना कुणी "अहो वाहक" म्हणत नाही. ड्रायव्हर, कंडक्टर, स्टँड, तिकीट हे आता मराठी शब्दच आहेत आणि लेखात तेच हवेत. दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "गावच्या लाइफमध्ये बसचा रोल" असं लिहिलं की वाचणारा अडखळतो, कारण आयुष्य आणि वाटा हे शब्द त्याच्या तोंडात रुळलेले आहेत.

बोलीतले शब्द आवर्जून ठेवा. आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या बाजूला वडाप म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तशीच गाडी काळीपिवळी असते. ठाण्याच्या मावसबहिणीला वडाप कळावं म्हणून कंसात अर्थ द्यायची गरज नाही. "वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी अजून दोघं बसतात" असं लिहिलं की तिला अर्थ कळतो, वर थोडं हसूही येतं.

"केले" लिहायचं की "केलं", हा प्रश्न दर शनिवारी कुणीतरी विचारतं. आठवणी, ललित, गप्पांच्या अंगाचा लेख असेल तर "केलं, गेलं, असं" जवळचं वाटतं. कार्यालयीन किंवा शास्त्रीय मजकुराला "केले, गेले, असे" शोभतं. कोणतंही घ्या, पण एका लेखात दोन्हींची सरमिसळ करू नका. शुद्धलेखनाचं तसंच. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे एकूण अठराच नियम आहेत, एका बैठकीत वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घ सतत चुकत असेल तर लिहिणाऱ्याने लेखावर पुरेसे कष्ट घेतलेले नाहीत असं वाचकाला वाटतं, मग आतला मजकूर कितीही सोन्यासारखा असो.

मधल्या भागात कीर्तनकाराकडे बघा

सुरुवात जमते, शेवट सुचतो, लेख मरतो तो मध्येच. सगळी माहिती तिथे कोंबलेली असते. एसटीचा इतिहास, सवलती, अडचणी, उपाय, एकापाठोपाठ एक.

नारदीय कीर्तन तुम्ही ऐकलं असेल. पूर्वरंगात बुवा अभंगाचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. पण पूर्वरंगातही ते दहा मिनिटं सलग तत्त्वज्ञान सांगत बसत नाहीत. एक मुद्दा, लगेच घरगुती दृष्टांत, मग एखादी चाल, मग पुन्हा मुद्दा. समोरची मान डुलायला लागली की त्यांना ते दिसतं आणि ते गजर घेतात. आपल्याला वाचकाची मान दिसत नाही, म्हणून आपण आधीच सोय करून ठेवायची. दोन परिच्छेद माहितीचे झाले की तिसऱ्यात कुणीतरी माणूस येऊ द्या.

शिवाय माहिती एकटी पाठवू नका. "पहिली एसटी १ जून १९४८ला धावली" हे वाक्य एकटं आलं तर ते विसरलं जातं. तिने ते असं बसवलं: "पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली ती १ जून १९४८ला. आमच्या गावात गाडी यायला आणखी पंचवीस वर्षं गेली, कारण ओढ्यावर फरशी नव्हती. फरशी झाली त्या वर्षी गाडीला नारळ फोडला आणि पहिल्या फेरीत गावातल्या म्हाताऱ्या तालुका बघून परत आल्या." आता ती तारीख त्या म्हाताऱ्यांमुळे लक्षात राहते.

मोबाइलच्या पडद्यावर

संगणकावर सात ओळींचा दिसणारा परिच्छेद मोबाइलवर अख्खा पडदा व्यापतो. म्हणून लेख पूर्ण झाला की तो स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि फोनवर वाचा. जिथे सगळा पडदा एकसंध काळा दिसेल तिथे परिच्छेद तोडायची जागा शोधा. पण प्रत्येक वाक्याचा वेगळा परिच्छेद करू नका. तिने एकदा तसं केलं आणि लेख पाढ्यांसारखा दिसायला लागला. कुठलं वाक्य कुणाच्या सोबतीचं आहे तेच कळेना.

मोकळ्या जागेची ही काळजी नवी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर मोकळं असावं, भोवती जागा सोडावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत वळण एकच राहावं, हे त्यांनी तिथे सांगून ठेवलं आहे. बोरूने लिहिणाऱ्याला जे लागू होतं ते अंगठ्याने लिहिणाऱ्यालाही होतं.

टाइप करताना दोन गोष्टी पाहा. एक, युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो आणि शोधणाऱ्याला कधी सापडत नाही. दोन, "ऱ्य" नीट काढा. दुसऱ्या, गावकऱ्यांना, म्हाताऱ्या या शब्दांत रफार येत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलवायचं आणि आचाऱ्यांना बोलवायचं यात लग्नघरी केवढा फरक पडेल! कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ घ्या, मग पाय मोडा, मग य.

शीर्षक

हे सगळ्यात शेवटी द्या. तिचं पहिलं शीर्षक "ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी" होतं. मग कुणीतरी सुचवलं, "हे वाचून तुमचे डोळे पाणावतील." डोळे पाणावतील की नाही ते वाचणारा ठरवेल, आपण आधीच जाहीर करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शेवटी "साडेनऊच्या गाडीचे डबे" ठरलं. यात उत्सुकता आहे आणि लेखात जे आहे तेच आहे.

मोठ्याने वाचा, मग कुणाच्या तरी हातात द्या

लेख एक रात्र झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा, पुटपुटत नको, खणखणीत. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य मोठं आहे. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द परका आहे. जिथे तुम्हालाच भरभर पुढे जावंसं वाटतं तो परिच्छेद काढून टाका. वाचकही तिथूनच पळणार आहे. तिने असा एक अख्खा परिच्छेद काढला, एसटीच्या वेगवेगळ्या रंगांच्या गाड्यांवरचा. खूप मेहनतीने माहिती जमवली होती, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तो वेगळ्या वहीत ठेवलाय, त्याचा स्वतंत्र लेख होईल.

शेवटाचंही मोठ्याने वाचल्यावरच कळतं. तिच्या खर्ड्याच्या शेवटी "म्हणूनच आपण सर्वांनी सार्वजनिक वाहतूक जपली पाहिजे" अशी ओळ होती. तिच्या आधीच्या वाक्यात कंडक्टरकाका अजूनही रात्री साडेनऊला वडापर्यंत एक फेरी मारून येतात असं होतं. लेख तिथेच संपला होता. खालची ओळ आम्ही पुसली.

मग लेख अशा माणसाला द्या ज्याला तुमचं मन राखायची फारशी गरज नाही. "कसा वाटला?" असं विचारू नका, "छान आहे" एवढंच ऐकायला मिळेल. विचारा, "वाचताना फोन कुठे खाली ठेवलास?" आणि "कुठली ओळ परत वाचलीस?" तिने मावसबहिणीला विचारलं. सवलतींच्या परिच्छेदापाशी तिने फोन ठेवला होता. आणि परत वाचली होती ती टपावर झोपलेल्या कंडक्टरच्या मनगटाला गुंडाळलेल्या पट्ट्याची ओळ. मग सवलतींचा परिच्छेद दोन ओळींचा झाला, आणि लेख दिवाळी अंकाकडे गेला.